मांजराचे ताट आणि माणसाचे व्रत

१

नीतिविचारातील काही प्रश्न दिसायला इतके किरकोळ असतात की तत्त्वज्ञ त्यांच्याकडे वळत नाहीत आणि घरातील माणसे ते दोन वाक्यांत निकालात काढतात. शाकाहारी घरात पाळलेल्या मांजराला काय खायला घालावे, हा त्यांपैकी एक प्रश्न होय. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य अनेक वर्षे म्हैसूरमध्ये असल्याने हा प्रश्न मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतील घरांत त्याने ऐकला आहे. ज्या घरात अंडेसुद्धा येत नाही, त्या घरात मांजरासाठी कोंबडीचे काळीज आणावे काय? आणल्यास ते कोणत्या भांड्यात ठेवावे, कोणी चिरावे? आणि न आणल्यास, दूधभातावर मांजर ठेवण्यात काही अन्याय होतो काय? अलीकडे या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. कारखान्यातील कोरडे दाणे न देता हाड, काळीज, हृदय आणि मांस यांचे प्रमाण राखून मांजराला कच्चे मांसच द्यावे, तेच त्याचे स्वाभाविक अन्न, असे मानणारा एक वर्ग शहरांतून वाढत आहे. ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही अशा माणसानेही वजनकाट्यावर मांस तोलावे, अशी या मताची अपेक्षा असते.

आपल्या जुन्या घरांना हा प्रश्न पडला नव्हता, असे सामान्यतः म्हटले जाते. तो पडला नव्हता हे खरे. पण त्याचे कारण मांजर त्या काळी दूधभातावर जगत होते, हे नव्हे. वाड्यातील मांजर सकाळी ओटीवर दूधभात खाई आणि रात्री माळ्यावर उंदीर मारी. परसातील सरडे, पाली आणि चिमण्यांची पिले हा त्याचा आणखी एक आहार असे. घराच्या हिशेबात फक्त दूधभाताची नोंद होई. उरलेला जमाखर्च अंधारात चाले. धान्याच्या कणगीचे रक्षण हवे असल्याने तो अंधार घरालाही सोयीचा होता. यजमानाचे सोवळे अभंग राही, उंदीर कमी होत आणि मांजराची प्रकृतीही उत्तम राही. मांजर डोळे मिटून दूध पिते अशी आपल्याकडे म्हण आहे. या व्यवहारात डोळे मिटणारे मांजर नव्हते, यजमान होता.

आज वाडा गेला, परसू गेले, माळा गेला. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत खिडक्यांना जाळ्या लावून ठेवलेल्या मांजराला उंदीर दिसतही नाही. पूर्वी ते स्वतः जे मिळवीत होते ते आता कोणीतरी विकत आणून द्यावे लागते. म्हणजे हत्येकडे डोळेझाक करण्याची मुभा संपली आणि तिच्यात कर्ता म्हणून उतरण्याची वेळ आली. प्रश्न नवा वाटतो तो यामुळे. मांजर बदललेले नाही. बदलली आहे ती आपली जागा.

२

मांजराच्या देहाविषयी निश्चित माहिती असल्यावाचून त्याच्याविषयी नीतिचर्चा करणे व्यर्थ होय. कुत्रा माणसाच्या संगतीत धान्य पचवायला शिकला. मांजराने तसे केले नाही. ते अनिवार्य मांसाहारी आहे. या शब्दप्रयोगात रुचीचा वा सवयीचा भाग नसून शरीररचनेचा आहे. गाजरातील किंवा पालेभाजीतील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. मांजराचे शरीर ते करू शकत नाही, त्याला ते तयार स्वरूपात, प्राणिज अन्नातूनच घ्यावे लागते. टॉरिन नावाचे एक द्रव्य बहुतेक प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवितात. मांजर बनवीत नाही. टॉरिनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो आणि ते आंधळे होते, हे १९७५ मध्ये दाखविले गेले. त्याच अभावामुळे हृदयाचा स्नायू सैल पडून मांजर दगावते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले, आणि त्यानंतर कारखान्यातील मांजरखाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. आर्जिनिन हे दुसरे द्रव्य ज्यात मुळीच नाही असे एकच जेवण दिले तरी मांजराच्या रक्तात अमोनिया साठून काही तासांत विषबाधेची लक्षणे दिसतात. गोड चवीचे ज्ञान करून देणारे जनुकही मांजरात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये कळले. मांजराच्या जगात गोडवा नाही. आपण प्रेमाने पुढे केलेला पेढा त्याने खाल्लाच, तर तो त्यातील स्निग्धांशासाठी.

दूधभाताविषयीचा समजही तपासून घ्यायला हवा. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. भातातून उष्मांक मिळतात, पोट भरते. पण दृष्टी आणि हृदय ज्यावर टिकतात ते मिळत नाही. केवळ दूधभातावर ठेवलेले मांजर लगेच मरत नाही, हीच या बाबतीतील फसवी गोष्ट आहे. ते मांडीवर झोपते, घुरघुरते आणि कित्येक महिन्यांनी हळूहळू अंधाकडे जाते. पालकाला आपले व्रत यशस्वी झाल्याचा भास होत राहतो.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. मांजराचा मांसाहार हा दोषही नव्हे आणि दुर्गुणही नव्हे. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, त्याच्या कृतीला नीतीचे माप लावता येत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात नैतिक कर्ता आणि नैतिक विचाराचा विषय असलेला जीव यांत भेद केला आहे. मांजर दुसऱ्या वर्गात मोडते: त्याच्याविषयी आपली कर्तव्ये आहेत, पण त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा नाही. हा भेद आपल्या परंपरेने वेगळ्या रीतीने, कथांच्या द्वारा, पूर्वीच केला होता असे मला वाटते.

३

महाभारताच्या उद्योगपर्वात, उलूक दूत म्हणून पांडवांकडे जातो त्या भागाच्या प्रचलित पाठात, एका मांजराची गोष्ट येते. गंगेच्या काठी एक मांजर हात वर करून तप करू लागते. उंदरांचा त्याच्यावर विश्वास बसतो. ते त्याच्या आश्रयाला येतात. मांजर पुष्ट होत जाते आणि उंदरांची संख्या घटत जाते. सातव्या शतकातील महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात हे मांजर मागच्या पायांवर उभे आहे, पुढचे पंजे डोक्यावर उचललेले आहेत आणि पायाशी उंदीर आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिक धार्मिकाला बैडालव्रतिक म्हटले आहे, त्यामागे हीच कल्पना आहे.

या कथेचे नेमके लक्ष्य कोणते, हे पाहण्यासारखे आहे. मांजर उंदीर खाते म्हणून परंपरेने त्याची निंदा केलेली नाही. ते न खाण्याचे सोंग करते म्हणून केली आहे. दोष आहाराचा नाही, वेषाचा आहे. मग ज्या मांजराने हात वर केलेले नाहीत, त्याचे पंजे धरून ते वर करणारा माणूस कोणत्या सदरात बसतो? आपल्या मांजराने आपणहून शाकाहार पत्करल्याचे कौतुकाने सांगणारे पालक भेटतात. तेथे बैडालव्रत मांजराचे नसते. व्रत माणसाचे असते, उपास मांजराचा असतो.

दुसरी कथा शांतिपर्वातील आहे. लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडते आणि पलित नावाचा उंदीर, दुसऱ्या शत्रूंपासून स्वतःला वाचविण्यासाठी, त्याच्याशी तात्पुरता तह करून त्याचे पाश कुरतडतो. संकट टळल्यावर मांजर कृतज्ञतेने मैत्रीचा हात पुढे करते. उंदीर तो नाकारतो. खाणारा आणि खाद्य यांच्यात कारणापुरता तह होऊ शकतो, स्नेह नव्हे, असे तो स्पष्टपणे सांगतो. तो मांजराला दुष्टही म्हणत नाही. हितविरोधाचे इतके निर्मळ आणि निर्वैर विवेचन जगाच्या वाङ्मयात दुर्मीळ आहे. मांजर आणि कोंबडी या दोघांवरही सारखेच प्रेम करू म्हणणाऱ्याने पलिताचे बोलणे ऐकून ठेवावे. दोघांचे हित एका ताटात मावत नाही.

तिसरी कथा सर्वांना ठाऊक आहे. वनपर्वात ती उशीनर राजाच्या नावावर आहे. लोकपरंपरेत ती शिबीची म्हणून रूढ झाली. ससाण्याच्या भयाने कबुतर राजाच्या आश्रयाला येते. आपण या कथेतील त्यागाचे गुणगान करतो. पण ससाण्याचा युक्तिवाद विसरतो. तू या एका पक्ष्याला वाचवून मला आणि माझ्या पिलांना उपाशी मारतोस; जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो तो धर्म कसला, असा त्याचा प्रश्न आहे. तो प्रश्न हेच कथेचे मर्म होय. ससाण्याने धान्य खावे, असे राजा सुचवीत नाही. ससाण्याला मांसच लागणार, हे तो मान्य करतो आणि मग त्याची किंमत कोणी द्यायची, एवढाच प्रश्न शिल्लक ठेवतो.

४

या तिसऱ्या कथेतील तराजू म्हैसूरमध्ये रोज उभा असतो. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी पिंजरापोळ आहे. तेथे भाकड गाईगुरांना आणि टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळले जाते. शहराच्या त्याच बाजूला श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय आहे. दहावे चामराजेंद्र वडियार यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेले हे संग्रहालय १९४८ मध्ये सरकारकडे आले. त्यात वाघ, सिंह, बिबटे आहेत आणि त्यांच्यासाठी मांस आणावेच लागते. दोन्ही संस्थांचा उगम राजाश्रयात वा लोकांच्या दयाबुद्धीत आहे. पहिलीत दयेचा खर्च गवताने भागतो. दुसरीत दयेसाठी दुसऱ्या जनावराचा प्राण खर्ची पडतो. पहिल्या संस्थेला देणगी देणाऱ्या शाकाहारी गृहस्थाचे मन निःशंक असते. दुसरीचे काय?

या संग्रहालयात २००१ पासून प्राणी दत्तक देण्याची योजना आहे. कोणाही नागरिकाने ठराविक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या काही काळाच्या पालनपोषणाचा भार उचलावा, अशी ती कल्पना. ती लोकप्रियही झाली. शाकाहारी कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसाला वाघ दत्तक घ्यावा, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण वाघाच्या पोषणाचा भार म्हणजे मुख्यतः मांसाची किंमत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एका प्राण्याच्या हत्येचे आठ वाटेकरी मोजले आहेत: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा. योगसूत्रातही हिंसा स्वतः केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची सांगितली आहे. या गणिताने वाघ दत्तक घेणारा कुटुंबप्रमुख विकत घेणाऱ्यांत मोडतो. घरी मांजराला कच्चे मांस घालणारा तर विकत घेणारा, चिरणारा आणि वाढणारा अशा तीन जागा एकटा भरतो. उलट, या आठांपैकी जो आठवा, प्रत्यक्ष खाणारा, तोच येथे निर्दोष आहे. कारण त्याला निवड नाही. मनूच्या यादीत खाणारा माणूस गृहीत होता. खाणाऱ्याच्या जागी मांजर बसविले की यादीचा तोल बदलतो: दोष ताटातून निघून वाढणाऱ्याच्या हातात येतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या हत्येवर बंदी घालणारा सुधारित कायदा २०१५ मध्ये अमलात आला, तेव्हा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वाघ, सिंह आणि बिबट्यांच्या नेहमीच्या मांसाचा पुरवठा खंडित झाला आणि त्यांना काही काळ कोंबडीवर ठेवावे लागले. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात कत्तलखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा कानपूर, लखनौ आणि इटावा येथील सिंहांच्या बाबतीत हेच घडले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयाकडे गोमांस घेऊन जाणारी वाहने निदर्शकांनी अडविली. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, वासरू, बैल आणि वळू यांच्या, तसेच तेरा वर्षांखालील म्हशी-रेड्यांच्या हत्येला बंदी झाली, आणि म्हैसूरच्या पिंजऱ्यापुढे कोणते मांस यावे हा प्रश्नही त्यामुळे कायद्याच्या परिभाषेत शिरला. या कायद्यांच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. या सर्व वादांत वाघाने मांस खाऊ नये असे कोणी म्हटले नाही. वाद होता तो मांस कोणाचे, एवढाच. गाईऐवजी म्हैस, म्हशीऐवजी कोंबडी अशी उतरंड लागत गेली आणि कोंबडीपाशी येऊन सर्वांचे समाधान झाले. कोंबडीच्या बाजूने कोणी निदर्शने केली नाहीत. आपली करुणा जिवांना श्रेणी लावते आणि ती श्रेणी जिवाच्या वेदनेवरून ठरत नाही, ही गोष्ट वाघाच्या ताटामुळे उघड झाली. एका म्हशीच्या वजनाइतके मांस कोंबड्यांपासून मिळवायचे तर शेकडो जीव जातात, हा साधा हिशेबही त्या उतरंडीत हरवला.

घरगुती प्रमाणावर हाच हिशेब मांडून पाहावा. चार किलो वजनाचे मांजर दिवसाला सुमारे १३० ग्रॅम मांस खाते असे धरले, तर वर्षाला ते ४७ किलोंच्या आसपास जाते; म्हणजे साधारण चाळीसहून अधिक कोंबड्या. पंधरा वर्षांच्या आयुष्यात हा आकडा सहाशेच्या पुढे जाईल. दुकानात टाकून दिले जाणारे हृदय, काळीज, माना हे भाग वापरल्यास प्रत्यक्ष भार बराच हलका होतो हे खरे. पण तो शून्य होत नाही. एका प्रेमाची ही किंमत आहे. ती देऊ नये असे माझे म्हणणे नाही. ती ठाऊक असावी, एवढेच.

५

येथे कच्च्या मांसाचा पुरस्कार करणाऱ्यांचा एक गुण मान्य करावा लागतो. कारखान्यातील दाण्यांतही मांसच असते. पण ते पीठ होऊन, रंगीत पिशवीतून येते. त्यामुळे पिशवी विकत घेणारा स्वतःला विकत घेणाऱ्यांत मोजत नाही. कच्चे मांस हाताळणाऱ्याला तशी सूट मिळत नाही. त्याने हत्या वाढविलेली नसते, फक्त तिच्यावरचे झाकण काढलेले असते. पण हेच लोक जेव्हा कच्चेपणालाच सद्गुण ठरवितात, तेव्हा ते एका व्रताच्या जागी दुसरे व्रत आणतात. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात कच्चे आणि शिजलेले या द्वंद्वातून निसर्ग आणि संस्कृती यांचे नाते उलगडले. त्या अर्थाने पाहता पाळीव मांजर हा विलक्षण प्राणी आहे: तो संस्कृतीच्या घरात राहतो आणि निसर्गाचे अन्न मागतो. पण आपण त्याच्या वाटीत ठेवतो तो निसर्ग असतो काय?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एकोणिसाव्या शतकात सिंहांचे छावे मुडदुसाने वाकून मरत. त्यांना मांस भरपूर मिळत होते. पण चावता येतील अशी हाडे मिळत नव्हती. १८८९ मध्ये जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्याने हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यास सांगितले आणि छावे सुधारले. मांसाच्या पेशीत फॉस्फरस हा कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असतो. शरीराला मात्र ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ समप्रमाणात लागतात. उंदीर खाणारे मांजर त्याची हाडेही खाते, म्हणून तोल राहतो. बाजारातून आणलेले निव्वळ लाल मांस खाऊ घातलेल्या पिलाची हाडे पातळ होऊन उडी मारताच मोडतात. उलट, आवडते म्हणून रोज काळीज दिले तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना जखडतात. थोडक्यात, मांस हे उंदराचे समानार्थी नव्हे. संतुलित हा शब्द येथे शोभेसाठी आलेला नाही. जीवनमरण त्यावर ठरते.

कच्चेपणाच्या बाजूने फ्रान्सिस पॉटेंजर यांच्या प्रयोगाचा आधार अनेकदा दिला जातो. १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात त्यांनी शेकडो मांजरांवर केलेल्या निरीक्षणात कच्च्या मांसावरची मांजरे सुदृढ राहिली आणि शिजलेल्या मांसावरची पिढ्यान्‌पिढ्या खालावली. परंतु मांजराला टॉरिन लागते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. शिजविताना टॉरिन पाण्यात उतरते. ते पाणी फेकले की मांस निःसत्त्व होते. मांजरांच्या ऱ्हासाचा उलगडा यातून बराचसा होऊ शकतो. रस्सा टिकवून शिजविलेल्या, उणिवा भरून काढलेल्या मांसाला तो आक्षेप तितका लागू पडत नाही.

आणि कच्च्या मांसाला स्वतःचे धोके आहेत. २००४ मध्ये थायलंडमधील एका व्याघ्रसंग्रहालयात बर्ड फ्लूने दूषित झालेल्या कच्च्या कोंबड्या खाऊन सुमारे दीडशे वाघ दगावले किंवा त्यांना मारावे लागले. आपल्या नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तसे निदान केले आणि संशय खाद्यातील कोंबडीवर गेला. त्याच सुमारास अमेरिकेत दूषित कच्चे खाद्य खाऊन घरगुती मांजरे मरण पावली. म्हैसूर शहरातही मार्च २०२० मध्ये कोंबड्यांत हा रोग आढळला होता. अतिशीत तापमानात ठेवल्याने मांसातील काही परोपजीवी मरतात. रोगजंतू आणि विषाणू मरतीलच असे नाही. वाघ वनात सांबर मारतो तेव्हा त्या सांबराची रोगट पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढ झालेली नसते. आपण मांजराला जे देतो ते निसर्गाचे मांस नसून आपल्याच औद्योगिक कुक्कुटपालनाचे मांस आहे. ते कच्चे असले म्हणून स्वाभाविक होत नाही.

६

आता सर्वांत समर्थ आक्षेपाकडे वळू. टॉरिन आज कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार होते. अ जीवनसत्त्व आणि इतर द्रव्येही होतात. ती घालून वनस्पतिज अन्न बनविले तर मांजराला मांसाची गरजच काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जी १९५० मध्ये स्थापन झाली, म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचे अन्न तयार करून दाखविले. म्हशीचे दूध बालकांना मानवणार नाही, असे तोवर मानले जात होते. जे निसर्गतः योग्य नाही ते ज्ञानाने योग्य करता येते, याचा हा आपल्या शहरातील दाखला आहे. मांजराच्या शरीराला मांस हवे असते की मांसातील द्रव्ये, असे विचारले तर शास्त्राचे उत्तर द्रव्ये असेच येईल.

तरीही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली अशी की, बालान्न तपासून, मोजून, मुलाच्या वाढीवर लक्ष ठेवून सिद्ध केले गेले. ते मुलाच्या हितासाठी होते, आईच्या व्रतासाठी नव्हे. मांजराच्या वनस्पतिज आहाराविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा मांजरांची प्रकृती वाईट नसल्याचे आढळले. पण ती पाहणी पालकांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेली होती, आणि व्रतस्थ पालक हा आपल्या व्रताचा तटस्थ साक्षीदार नसतो. उद्या दीर्घकाळच्या वैद्यकीय तपासणीतून हे अन्न निर्धोक ठरले, तर प्रस्तुत लेखातील पुष्कळसा युक्तिवाद मागे घ्यावा लागेल, आणि तो आनंदाने घ्यावा. तोवर मात्र पुराव्याचे ओझे प्रयोग करणाऱ्यावर राहते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्यावर नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, ज्याला नकार देता येत नाही त्याच्यावर नियम लादताना हेतूची शुद्धता पुरेशी होत नाही. स्यू डोनाल्डसन आणि विल किम्लिका यांनी पाळीव प्राण्यांना समाजाचे सदस्य मानणारा ग्रंथ २०११ मध्ये लिहिला. प्राण्यांच्या हक्कांविषयी इतकी उदार भूमिका घेणाऱ्या या लेखकांनाही मांजराचे ताट अवघड गेले. ज्याला आपण सदस्य म्हणतो त्याच्यासाठी इतर जिवांची हत्या चालू ठेवावी काय, या पेचातून पूर्णपणे निर्दोष सुटका त्यांनाही सापडलेली नाही.

व्रत ही आत्मशासनाची गोष्ट आहे. एकादशी आपण करतो, पाहुण्याकडून करवून घेत नाही. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याला मांस खाण्याची सक्ती करता येत नाही, तशी मांजर पाळण्याचीही सक्ती कोणी केलेली नाही. मांसाला हात लावणे ज्याला असह्य वाटते त्याने गाय पाळावी, ससा पाळावा किंवा पिंजरापोळाला मदत करावी. यात कमीपणा नाही, उलट प्रामाणिकपणा आहे. परंतु मांजर एकदा घरात आणले, खिडकीला जाळी लावून त्याची शिकार बंद केली, की त्याच्या आहाराचे दायित्व पाळणाऱ्याकडे येते. १९६० च्या प्राणी क्रूरताप्रतिबंधक कायद्यानेही आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा अपराध ठरविला आहे. पोट भरणे आणि पुरेसे अन्न देणे यांतील अंतर मांजराच्या बाबतीत किती मोठे आहे, ते आपण वर पाहिले.

हे दायित्व पार पाडताना हात स्वच्छ राहणार नाहीत, एवढे मान्य करावे. आठांपैकी आपण कोणकोणत्या जागा भरतो ते मोजून ठेवावे. तो भार कमी करण्याचे मार्ग आहेत: मांजरांची संख्या मर्यादित ठेवणे, पैदास होऊ न देणे, माणसे टाकून देतात ते भाग वापरणे, कोंबडी कशी वाढविली गेली याची चौकशी करणे. कच्चे द्यावे की शिजवून, हा प्रश्न पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि वजनकाट्याने सोडवावा. त्याला धर्माचे रूप देऊ नये. जो कच्चे मांस देऊ इच्छितो त्याने हाड, काळीज, हृदय यांचे प्रमाण शिकून घ्यावे. जो दाणे देतो त्याने त्या दाण्यांत काय आहे हे वाचावे. दोघांनीही आपण हिंसेबाहेर आहोत, असे समजू नये.

शिबीच्या कथेकडे पुन्हा पाहिले तर एक बाब ठळकपणे जाणवते. राजाने आपल्या देहाचे मांस तराजूत घातले, पण कबुतराचे पारडे जडच होत गेले. किंमत सहज चुकती होत नाही, असाच त्याचा अर्थ असावा. आपल्यापाशी शिबीचा त्याग नाही आणि तो कोणी मागितलेलाही नाही. आपल्याला घालता येण्यासारख्या वस्तू लहान आहेत: थोडे ज्ञान, थोडा पैसा, चिरताना हाताला येणारा वास, आणि कोणत्या तरी अनोळखी जिवाच्या मृत्यूची नोंद. त्यांनी पारडी समतोल होतील असे नाही. तरीही त्या घालायच्या असतात, कारण दुसऱ्या पारड्यात बसलेल्याची निवड आपण केलेली असते आणि मांजराने कोणतेच व्रत घेतलेले नसते.